जेम्सटाउनचा मेढेकोट आणि दुभाषी मुले

प्रश्न : आम्ही गेली बारा वर्षे अमेरिकेत, व्हर्जिनिया राज्यात, रिचमंड शहराजवळ राहतो. माझा मुलगा चौथीत आहे. इथे चौथीला राज्याचा इतिहास असतो आणि वर्षअखेरीस त्याची परीक्षाही होते. मी स्वतः महाराष्ट्रात चौथीत शिवाजी महाराजांचा इतिहास शिकले आणि तो मला आजही तोंडपाठ आहे. मुलगा मात्र जेम्सटाउन, पोकाहॉन्टस, तंबाखू आणि १६०७ एवढेच घोकतो, आणि ‘आई, हे सगळे मेलेले लोक आहेत, मला त्यांचे काय?’ असे विचारतो. दर रविवारी आमच्या घरी मराठी शिकायला नऊ ते तेरा वर्षांची आठ मुले येतात. सुट्टीत त्यांच्यासाठी या वसाहतकाळावर काहीतरी करावे असे मनात आहे. त्या काळचे कपडे शिवून नाटुकले बसवावे का? गुलामगिरीचा विषय एवढ्या लहान मुलांपुढे काढावा का? आणि हा इतिहास मुळात आपला नाही, तर मी तो कोणत्या तोंडाने शिकवू?
— एक आई, व्हर्जिनिया

उत्तर : सप्रेम नमस्कार.

चौथीतला इतिहास तुम्हाला अजून आठवतो, त्याचे श्रेय एकट्या पाठ्यपुस्तकाला देऊ नका. दिवाळीत दगड-माती रचून, वर पोते टाकून, चिखल लिंपून तुम्ही किल्ला केला असेल, त्यावर हळीव पेरले असतील आणि तटावर मावळे मांडताना दादाशी किंवा ताईशी वाद घातला असेल की पाण्याचे टाके कुठे खणायचे आणि चोरदरवाजा कोणत्या बाजूला ठेवायचा. तो वाद घालताना तुम्ही इतिहासाच्या आत शिरला होतात. तुमच्या मुलाच्या हाताला अजून तशी माती लागलेली नाही, एवढीच अडचण आहे, आणि ती दूर करता येण्याजोगी आहे. कपडे शिवण्यात आणि संवाद पाठ करून घेण्यात सुट्टीचे तीन आठवडे सहज जातील आणि मुलांच्या लक्षात टोचणारी कॉलर राहील. नाटुकले करायचेच असेल, तर अगदी शेवटी करावे. सुरुवात किल्ल्याने करा.

किल्ला जेम्सटाउनचा, म्हणजे इंग्रजांच्या अमेरिकेतल्या पहिल्या कायम वसाहतीचा, करा. मे १६०७ मध्ये लंडनच्या व्हर्जिनिया कंपनीच्या तीन जहाजांतून आलेले १०४ पुरुष आणि मुलगे जेम्स नदीच्या काठी एका सखल, दलदलीच्या जागी उतरले आणि त्यांनी लाकडी ओंडके शेजारीशेजारी पुरून तीन कोनांचा कोट उभारला. आपल्याकडे याला मेढेकोट म्हणतात. मेढी म्हणजे पुरलेला खांब, हे मुलांना सांगा. मराठीचा तासही त्यातच होऊन जाईल. १६१० मध्ये तिथे आलेल्या विल्यम स्ट्रेची याने कोटाची मापे लिहून ठेवली आहेत. नदीकडची बाजू १४० यार्ड, म्हणजे ४२० फूट, आणि उरलेल्या दोन बाजू प्रत्येकी १०० यार्ड, म्हणजे ३०० फूट. एका इंचाला दहा फूट असे प्रमाण धरले, तर तुमच्या अंगणात एक बाजू साडेतीन फुटांची आणि दोन बाजू अडीच फुटांच्या होतील. आइसक्रीमच्या काड्या तोडून खांब करता येतील. तिन्ही कोपऱ्यांना गोलाकार बुरूज होते, तेही करून घ्या.

हा किल्ला आपल्याला कसा सापडला, ती हकिगत मुलांना किल्ल्याहूनही अधिक आवडेल. पुष्कळ वर्षे असा समज होता की नदीने काठ खाल्ला आणि किल्ला पाण्यात गेला. १९९४ मध्ये विल्यम केल्सो या पुरातत्त्वज्ञाने तिथे खोदकाम सुरू केले आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत त्यांना जमिनीत ओळीने उमटलेले गडद, गोल डाग दिसले. खांब कधीच कुजून गेले होते, पण कुजलेल्या लाकडाच्या जागी भरलेली माती भोवतालच्या मातीपेक्षा काळसर राहिली होती. हे शब्दांत सांगून पटत नाही. गेल्या वर्षी मी नातवंडांना एका परातीत पिवळसर माती थापून दिली, तीत काड्या ओळीने खुपसायला लावल्या, मग त्या काढून भोकांत कुंडीतली काळी माती भरली आणि वरचा थर सुरीने हलकेच खरवडला. काळ्या ठिपक्यांची स्वच्छ रांग वर आली आणि नऊ वर्षांचा नातू म्हणाला, “म्हणजे नसलेली वस्तूसुद्धा सापडते!” मी अठ्ठावीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला, पण पुरातत्त्व म्हणजे काय हे मला इतक्या थोडक्या शब्दांत कधी सांगता आले नव्हते.

किल्ला झाला की दिवाळीतलाच प्रश्न विचारा : पाणी कुठून आणायचे? ही माणसे सुरुवातीला नदीचेच पाणी पीत होती, आणि समुद्राच्या भरतीबरोबर ते मचूळ होत असे. त्यातच ती उतरली ती नेमकी दुष्काळात. जुन्या सायप्रस वृक्षांच्या वाढीची वर्तुळे मोजून शास्त्रज्ञांनी दाखवले आहे की १६०६ ते १६१२ ही सात वर्षे त्या भागातील जवळजवळ पावणेआठशे वर्षांतली सर्वांत कोरडी होती. खोडाचा एखादा आडवा काप मिळाला, तर मुलांना वर्तुळे मोजायला लावा. अरुंद वर्तुळ म्हणजे कमी पावसाचे वर्ष. जानेवारी १६०८ मध्ये पुढचे जहाज आले तेव्हा १०४ पैकी ३८ जण जिवंत होते. ही संख्या फळ्यावर लिहू नका. किल्ल्यात १०४ दाणे ठेवा आणि मुलांच्याच हातांनी त्यातले ६६ उचलायला लावा.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. मुलांना काळ समजत नाही, माणूस समजतो, आणि त्यातही आपल्याच वयाचा माणूस सर्वांत आधी समजतो. ‘वसाहतकाळ’ हा शब्द पुढचे दोन महिने तोंडात आणू नका. त्याऐवजी थॉमस सॅव्हेजची ओळख करून द्या. जानेवारी १६०८ च्या त्याच जहाजातून आलेला हा सुमारे तेरा वर्षांचा मुलगा. जहाजाचा प्रमुख कॅप्टन न्यूपोर्ट याने त्याला ‘हा माझा मुलगा’ असे सांगून त्या प्रदेशाच्या राजाकडे, पोव्हॅटनकडे, ठेवून दिले, आणि बदल्यात पोव्हॅटनने आपला विश्वासू नामोंटॅक इंग्रजांच्या हवाली केला. दोघांनी एकमेकांची भाषा शिकावी, हा हेतू होता. थॉमस सुमारे तीन वर्षे पोव्हॅटनच्या माणसांत राहिला आणि नामोंटॅक त्याच वर्षी लंडन पाहून परत आला. पुढच्या वर्षी हेन्री स्पेलमन नावाचा चौदा वर्षांचा मुलगा आला आणि त्यालाही असेच ठेवून देण्यात आले. त्याने पुढे आपले अनुभव लिहून ठेवले, आणि जमिनीच्या बदल्यात आपल्याला विकून टाकले असे त्याला वाटत होते, हे त्यात स्पष्ट दिसते.

तुमच्याकडे रविवारी येणाऱ्या आठ मुलांना हे वेगळे समजावून सांगावे लागेल असे मला वाटत नाही. घरात एक भाषा आणि दाराबाहेर दुसरी, भारतातून आलेल्या आजीला दुकानदाराचे बोलणे सांगायचे आणि दुकानदाराला आजीचे, आणि सांगताना आजीचे एखादे खोचक वाक्य हळूच गाळायचे, हे ती रोज करीत असतात. ती दुभाषीच आहेत. त्यांना एक खेळ द्या. दोन मुलांनी देवाणघेवाण करायची : एकाकडे मका, दुसऱ्याकडे तांब्याचे तुकडे आणि काचेचे निळे मणी, कारण इंग्रज धान्याच्या बदल्यात हेच देत असत. एकाने फक्त मराठी बोलायचे, दुसऱ्याने फक्त इंग्रजी, आणि तिसरा मधला दुभाषी. खेळ रंगात आला की दुभाष्याच्या कानात सांगा की पुढचे एक वाक्य मुद्दाम चुकीचे सांग. काय गोंधळ उडतो ते मुले स्वतः पाहतील, आणि दोन्ही बाजूंना या मुलांची गरज का होती आणि त्यांच्यावर पूर्ण विश्वास कुणाचाच का नव्हता, हे त्यांना तुमच्या व्याख्यानाशिवाय कळेल. मग विचारा की हेन्रीने लिहिले, पण नामोंटॅकने लंडनमध्ये काय पाहिले हे त्याच्या शब्दांत आपल्याकडे आहे का? नाही. इंग्रजांनी त्याच्याविषयी लिहिले तेवढेच आपल्या हाती आहे. ज्याने लिहिले त्याचीच बाजू उरते, ही गोष्ट मुलाला दहाव्या वर्षी उमगली, तर पुढे कोणताही इतिहास वाचताना त्याला तिचा उपयोग होईल.

मधल्या एखाद्या रविवारी स्वयंपाकघरात जा. तिथल्या मूळ रहिवाशांची मक्याची भाकर होती, तिला त्यांच्या भाषेत ‘अपोन’सारखा शब्द होता आणि त्यावरूनच आजचा इंग्रजी ‘पोन’ हा शब्द आला. मक्याचे पीठ, उकळते पाणी आणि तवा एवढे पुरे. तुम्हाला ज्वारीची भाकरी येत असेल, तर हात आपोआप वळतील. पीठ गार पाण्यात चिकटत नाही, कडा चिरतात, उकड काढल्यासारखे गरम पाण्यात मळले की मग जुळते, हे मुलांना आधी गार पाण्याने मळायला लावूनच कळू द्या. साखर, लोणी काहीही देऊ नका. शेजारी दुसऱ्या भांड्यात अर्धा पाइंट, म्हणजे चहाच्या मोठ्या कपाएवढे, गहू आणि तेवढेच सातू पाण्यात शिजवून ठेवा. या वसाहतीचा एक पुढारी कॅप्टन जॉन स्मिथ याने लिहून ठेवले आहे की पहिल्या उन्हाळ्यात एका माणसाचे दिवसाचे अन्न एवढेच होते आणि तेही किडके होते. मुले दोन्ही चाखतील आणि गरम भाकर उचलतील. मक्यासाठी इंग्रज त्या लोकांच्या दारी का गेले, आणि पीक बुडालेल्या वर्षी त्यांनी तो बळजबरीने का नेला, हे त्यानंतर सांगा.

पोकाहॉन्टसची गोष्ट तुमच्या मुलाने चित्रपटातून पाहिली असेलच. तिला खोटे पाडण्याच्या भरीस पडू नका. तिच्यावरून एक चौकशी करायला लावा. जॉन स्मिथ पोव्हॅटनच्या कैदेत सापडला, तेव्हा पोव्हॅटनची मुलगी पोकाहॉन्टस सुमारे अकरा वर्षांची होती. तिने मध्ये पडून आपला जीव वाचवला असे जॉन स्मिथ सांगतो, पण ते सांगतो १६२४ मध्ये छापलेल्या ग्रंथात. त्याच घटनांविषयी त्याने १६०८ मध्ये, म्हणजे ताजेपणी, लिहिलेला वृत्तांतही छापलेला आहे आणि त्यात हा प्रसंग नाही. १६२४ मध्ये पोकाहॉन्टस जिवंतही नव्हती. जॉन रॉल्फ या इंग्रजाशी लग्न करून ती इंग्लंडला गेली आणि १६१७ मध्ये तिथेच वारली. आपल्याकडे बखर आणि अस्सल पत्र यांत फरक करायला शिकवतात : पत्र त्या दिवशी लिहिलेले असते, बखर पुष्कळ वर्षांनी, आठवणीतून आणि कुणाच्या तरी इच्छेवरून. मोठ्या मुलांना हे उदाहरण द्या आणि ठरवू द्या. त्यांचे एकमत झाले नाही तरी चालेल. इतिहासकारांचेही झालेले नाही.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाविषयी. विषय काढावाच लागेल, कारण तो वगळला तर उरलेले सगळे खोटे होते. पण गुलाम आणि मालक अशा भूमिका मुलांना कधीही देऊ नका, लिलावाचा प्रसंग तर नाहीच नाही. एका मुलाला दुसऱ्याचा हात दोरीने बांधायला लावून करुणा शिकवता येत नाही. बांधणाऱ्याला गंमत वाटते आणि बांधलेल्याच्या मनात जे राहते ते कधी जात नाही. इथे अभिनय नको, कागद वाचा. ऑगस्ट १६१९ मध्ये एका इंग्रज जहाजाने पॉइंट कम्फर्ट येथे आफ्रिकी माणसे आणली, आणि जॉन रॉल्फने त्यांची नोंद ‘वीस आणि काही’ अशी केली. किती ते नेमके मोजण्याचेही कष्ट त्याने घेतले नाहीत. हे तीन शब्द वाचून थांबा आणि मुलांना बोलू द्या. थोड्या मोठ्या मुलांना १६६२ चा व्हर्जिनियाचा कायदाही सांगा, ज्याने ठरवले की मूल स्वतंत्र की गुलाम हे आईच्या स्थितीवरून ठरेल. म्हणजे आई गुलाम असेल तर पाळण्यातले बाळही गुलाम.

लहान मुलांसाठी माझ्या मते सर्वांत योग्य जागा विल्यम्सबर्ग येथील ब्रे स्कूल ही आहे. १७६० ते १७७४ या काळात इथे अ‍ॅन वेजर नावाच्या बाई तीन ते दहा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांना वाचन आणि धर्मशिक्षण देत असत, आणि मुलींना शिवणकामही शिकवत. त्यातली बहुतेक मुले गुलाम होती, थोडी स्वतंत्र. शाळा चालवणाऱ्यांचा हेतू उदात्त होता असे मुलांना सांगू नका. मुलांनी आज्ञाधारक राहून आपली स्थिती निमूट मान्य करावी, असेच धडे तिथे दिले जात. पण वाचायला शिकलेले मूल पुढे काय वाचेल, हे शिकवणाऱ्याच्या हातात राहत नाही. शाळेच्या १७६२, १७६५ आणि १७६९ या तीन वर्षांच्या याद्या शिल्लक आहेत. त्यांत मुलांची नावे आहेत आणि गुलाम मुलांच्या नावांपुढे त्यांच्या मालकांची. तुमच्या मुलांना त्या याद्या हजेरीसारख्या मोठ्याने वाचायला लावा. प्रत्येकाने एक नाव निवडून ते आपल्या वहीत लिहावे, आणि त्या मुलाविषयी आपल्याला विचारावेसे वाटणारे प्रश्न खाली लिहावेत. बहुतेक प्रश्नांना उत्तर मिळणार नाही. ती जागा कोरी राहू द्या. मनाने रचलेल्या गोष्टीने ती भरू नका.

या शाळेची इमारत दुसऱ्याच नावाने आणि दुसऱ्याच जागी, तिथल्या विल्यम अँड मेरी कॉलेजच्या आवारात, उभी होती. २०२० मध्ये तिच्या तुळयांच्या लाकडातली वर्तुळे तपासली आणि ते झाड शाळा सुरू होण्याच्या थोडेच आधी तोडलेले होते, हे सिद्ध झाले. २०२३ च्या फेब्रुवारीत ती इमारत रस्त्यावरून हलवून ऐतिहासिक विल्यम्सबर्गमध्ये आणली. जेम्सटाउनच्या दुष्काळासाठी मोजलेली वर्तुळे इथे पुन्हा भेटली की मुलांचे डोळे चमकतील. मूळ जागेच्या उत्खननात पाटीवर लिहिण्याच्या पेन्सिलींचे तुकडेही मिळाले आहेत. तुमच्या लहानपणीची पाटी घरात कुठे असेल, तर त्या दिवशी बाहेर काढा.

‘कोणत्या तोंडाने शिकवू’ असे तुम्ही विचारले आहे. १८७३ मध्ये महात्मा जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अमेरिकेतल्या त्या सज्जनांना अर्पण केली, ज्यांनी तिथल्या गुलामांच्या मुक्ततेसाठी निरपेक्षपणे कष्ट घेतले होते. अमेरिकेत कधी पाऊल न ठेवलेल्या एका मराठी माणसाला तिथला इतिहास परका वाटला नाही. तुमचे मूल तर तिथेच जन्मले आहे. हवे असल्यास आणखी एक धागा देतो. १६३५ मध्ये व्हर्जिनियातल्या एका जमीनदाराने माणसे आणल्याच्या मोबदल्यात जमीन मागितली, तेव्हा त्याने दिलेल्या यादीत ‘टोनी, ईस्ट इंडियन’ असे एक नाव आहे. त्याचे मूळ गाव कोणते, आईने त्याला काय नावाने हाक मारली असेल, काही नोंदलेले नाही. मात्र असे धागे जोडताना ओढाताण करू नका. बॉस्टनच्या बंदरात १७७३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा चहा बुडवला, तो ‘आपला’ चहा होता असे आपल्या मुलांना सर्रास सांगितले जाते. तो चहा चीनचा होता. आसामच्या चहाची लागवड त्यानंतर साठेक वर्षांनी सुरू झाली.

प्रत्यक्ष जागा दाखवायला न्याल तेव्हा एक लक्षात ठेवा की जेम्सटाउन दोन आहेत. एक बेटावरचे मूळ ठिकाण, जिथे खोदकाम चालू असते, आणि दुसरे जवळच उभारलेले संग्रहालय, जिथे जहाजांच्या, कोटाच्या आणि पोव्हॅटन वस्तीच्या प्रतिकृती आहेत. आधी प्रतिकृती पाहा, मग मूळ जागा. उलट केले तर मूळ जागेवरच्या मातीच्या ओळींत मुलांना काही दिसत नाही. तिथून विल्यम्सबर्ग आणि यॉर्कटाउनपर्यंत २३ मैलांचा सुंदर रस्ता आहे, पण तिन्ही एका दिवसात उरकू नका. विल्यम्सबर्गमध्ये त्या काळचे कपडे घातलेली माणसे भेटतील. त्यांना मुलांनी ‘हे तुम्हाला कशावरून कळले?’ असा प्रश्न आवर्जून विचारावा. जाणकार माणूस त्या प्रश्नाने खूश होतो. परीक्षेच्या तारखा या सगळ्यानंतर एका संध्याकाळी बसून पाठ करून घ्या. तोवर प्रत्येक तारखेला एकेक चेहरा मिळालेला असेल.

‘हे सगळे मेलेले लोक आहेत’ असे तुमचा मुलगा म्हणतो, त्याला नोव्हेंबरपर्यंत थांबायला सांगा. पोव्हॅटनच्या राज्यातल्या पमंकी आणि मॅटापोनी या जमाती तुमच्या घरापासून फार दूर नसलेल्या किंग विल्यम कौंटीत आपापल्या राखीव भूमीवर आजही राहतात. इंग्रजांशी झालेल्या १६७७ च्या तहातल्या शब्दाला जागून त्या दरवर्षी थँक्सगिव्हिंगच्या सुमारास रिचमंडला राज्यपालांच्या निवासस्थानी येतात आणि शिकार केलेले हरिण भेट देतात. तुमच्या गावातच हे घडते. त्या सकाळी शाळेतून थोडी सवड मागून घ्या आणि मुलाला पुढच्या रांगेत उभे करा.